काच सादळली हो ताई! : झाडावर टांगायच्या रंगीत काचेच्या बिस्किटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी ख्रिसमसच्या झाडावर टांगायच्या स्टेन्ड ग्लास बिस्किटांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. बिस्किटाच्या मधोमध खिडकी कापायची, तिच्यात रंगीत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरायचा, ओव्हनमध्ये तो वितळतो आणि गार झाला की चर्चच्या खिडकीतल्या रंगीत काचेसारखा दिसतो, मग वरच्या भोकातून रिबीन ओवून झाडाला लटकवायचं, एवढंच. मापं दिली नव्हती, वेळा दिल्या नव्हत्या, त्यामुळे प्रश्न भरपूर आले आणि ते येणारच होते. सारखे सारखे प्रश्न एकत्र करून जमतील तेवढ्यांना इथे उत्तर देतेय.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं तशीच केली, इतकी सुंदर झाली होती की काय सांगू, लाल हिरवी पिवळी काच अगदी आरपार दिसत होती. रात्री सगळी झाडाला टांगली आणि सकाळी उठून बघते तर काचेला घाम सुटलेला, दोनतीन बिस्किटांमधून रंग खाली ओघळलेला, खाली अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर लाल डाग आणि एक तर काच निथळून नुसतीच चौकट लटकत होती. मुलं हिरमुसली. माझं चुकलं कुठे? भाजायला कमी पडली का?

उत्तर : भाजण्यात तुमचं काही चुकलं नाही, टांगायची घाई झाली. या बिस्किटांबद्दल मला एकच गोष्ट सगळ्यांना अगदी मनापासून सांगायचीय ती म्हणजे ही काच म्हणजे साखर आहे आणि साखर हवेतलं पाणी ओढते. बाकी सगळे प्रश्न सुटतात, हा एक विसरला की सगळी मेहनत सकाळी कापडावर पडलेली दिसते.

जरा समजून घेऊया म्हणजे उपाय आपोआप लक्षात येतील. लिमलेटची गोळी बनवताना साखरेचा पाक १५० अंशांच्या आसपास नेतात, गोळीबंद पाकाच्याही बराच पुढे, थंड पाण्यात थेंब टाकला की कडक होऊन काडीसारखा कट्कन मोडतो तिथपर्यंत. तोवर पाकातलं जवळजवळ सगळं पाणी उडून गेलेलं असतं. मग तो पटकन गार केला की साखरेच्या रेणूंना रांगेत बसून दाणे धरायला वेळच मिळत नाही, ते जिथे आहेत तिथेच थिजतात. दाणा नाही म्हणून उजेड अडत नाही, म्हणून ती पारदर्शक. खिडकीची खरी काचसुद्धा अशीच बिनदाण्याची असते, म्हणजे आपण काच म्हणतो ते नुसतं दिसण्यापुरतं नाहीये. गोळ्यांमध्ये ग्लुकोज सिरपही घालतात, ते साखरेला दाणे धरू देत नाही. पण ही थिजलेली साखर पाण्यासाठी टपूनच बसलेली असते. हवा जरा दमट असली की वरच्या थरात पाणी शिरतं, आधी बोटाला चिकटायला लागते, मग वरचा थर पाक होतो, आणि टांगलेलं असल्यामुळे तो पाक खाली ओघळतो. तुमच्याकडे रात्रभरात नेमकं हेच झालं.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे उशिरा टांगा. बिस्किटं दोनतीन दिवस आधी करून ठेवायला काहीच हरकत नाही पण झाडावर जायची ती ज्या संध्याकाळी पाहुणे येणार त्याच संध्याकाळी. दुसरं, भाजून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी, आणि मगच डब्यात. कोमट बिस्किट डब्यात गेलं की त्याचीच वाफ आत कोंडते आणि काच डब्यातल्या डब्यात चिकट होते. डबा घट्ट झाकणाचा, प्रत्येक थरामध्ये बेकिंग पेपर, आणि खाण्याच्या डब्यांसाठी मिळते ती सिलिका जेलची पुडी एका कोपऱ्यात ठेवली तर उत्तमच, फक्त ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं बघा.

आणि फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका. हे मी स्वतः करून बसलेय. पहिल्या वर्षी मला वाटलं थंडीत टिकतील, सगळा ट्रे फ्रीजमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तेव्हा कडक आणि चकचकीत, मी खूश. ओट्यावर ठेवून रिबिनी कापायला बसले आणि दहा मिनिटांत प्रत्येक काचेवर बारीक बारीक थेंब, अगदी मोहरीएवढे, ते एकमेकांत मिसळून कडेच्या बिस्किटात मुरले आणि बिस्किटाची कडासुद्धा मऊ पडली. गार वस्तू उबदार हवेत आणली की हवेतली वाफ तिच्यावर जमते, आणि साखरेवर जमली की संपलंच.

झाड कुठे आहे तेही बघा. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथे कुकरची किंवा चहाची वाफ येते, किंवा दमट हवेच्या उघड्या खिडकीशी असेल तर काच टिकणार नाही. आणि तुमच्याकडची हवाच कायम दमट असेल तर दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक बिस्किट पारदर्शक खाऊच्या पिशवीत घालून वर रिबिनीने घट्ट बांधा, काच तशीच चमकते आणि हवा लागत नाही, मला तर हे दिसायलाही छान वाटतं. दुसरा म्हणजे गोळ्यांऐवजी आयसोमाल्ट वापरायचं. हे साखरेपासूनच बनतं, केक सजवणारे लोक साखरेची फुलं वगैरे करायला वापरतात, साखरेपेक्षा खूपच कमी पाणी ओढतं आणि पिवळंही लवकर पडत नाही. फक्त एकदम खूप खाल्लं तर पोट बिघडतं, तेव्हा मुलांना एकदोनच द्या.

अजून एक, आंबट गोळ्या टाळा. आंबटपणासाठी घातलेलं सायट्रिक ॲसिड गरम पाकात साखर फोडतं आणि त्यातून तयार होणारं फ्रुक्टोज साखरेपेक्षाही जास्त पाणी ओढतं. आंबट लिंबाच्या गोळ्यांची काच सगळ्यात आधी चिकट होते असा माझा अनुभव आहे.

सादळलेली बिस्किटं परत ओव्हनमध्ये घालून मी बघितलीयत, काच पुन्हा सपाट होते पण तोवर बिस्किटाच्या कडा करपायला लागतात. त्यापेक्षा ती काढून त्याच दिवशी खाऊन टाका.

प्रश्न : नेमकं माप सांगा ना, वाट्यांमध्ये नको, ग्रॅममध्ये. आणि बेकिंग पावडर किती?

उत्तर : बेकिंग पावडर अजिबात नाही, तीच तर गंमत आहे. पावडर घातली की बिस्किट फुगतं, पसरतं, खिडकीचा आकार बिघडतो आणि चांदणीचा ढग होतो.

मैदा २५० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एक छोटं अंडं, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. बटर मऊ असावं पण पातळ झालेलं नको. बटर आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत फेटा, खूप फेटून हवा भरू नका, मग अंडं, मग मैदा, गोळा जमला की थांबा, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही कारण मळत राहिलात तर बिस्किट भाजताना आक्रसतं. गोळा चपटा करून गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग दोन बेकिंग पेपरच्या मधे ठेवून ४ ते ५ मिलिमीटर जाड लाटा. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर एका बाजूची काच भरून ओसंडते आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. साधारण ७ सेंटिमीटरच्या कटरने बिस्किट कापा आणि छोट्या कटरने मधली खिडकी, ३ सेंटिमीटरच्या आसपास. चारी बाजूंनी निदान दीड सेंटिमीटरची चौकट राहायला हवी, वरच्या बाजूला भोक असतं म्हणून तिथे जास्त राहिली तर बरंच. एवढ्या पिठात तीसेक बिस्किटं होतात आणि एका खिडकीला साधारण एक गोळी लागते.

कापून झाल्यावर ट्रेसकट पुन्हा १५ मिनिटं फ्रीजमध्ये. कच्च्या पिठाला फ्रीज चालतो हो, मी वर नको म्हटलं ते भाजलेल्याला. थंड पीठ ओव्हनमध्ये गेलं की आकार धरून राहतं. ओव्हन १८० अंश, पंख्याचा असेल तर १६०.

आणि कागद बेकिंगचाच घ्या, सिलिकॉनचा थर असलेला, किंवा सिलिकॉनची मॅट. साधा बटर पेपर म्हणून जो पातळ कागद मिळतो त्याला वितळलेली साखर अशी चिकटते की कागद सोलताना काचेबरोबर तुकडे येतात.

प्रश्न : माझी काच पारदर्शक होतच नाही. एकदा दुधाळ झाली, एकदा तपकिरी आणि बुडबुडेच बुडबुडे. गोळ्या चांगल्या महागातल्या आणल्या होत्या.

उत्तर : महाग स्वस्तचा प्रश्न नाही, गोळी कुठली आहे ते बघा. गोळी उजेडासमोर धरा, आरपार दिसली तरच तिची काच होईल. दुधाच्या, बटरस्कॉचच्या, टॉफीच्या गोळ्या कधीच पारदर्शक होणार नाहीत. पांढऱ्या रेघांच्या पेपरमिंटच्या गोळ्या पाक ओढून ओढून करतात, त्यात हवा अडकलेली असते, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात आणि वितळल्यावर काच गढूळ येते. दुधाळ होण्याचं दुसरं कारण म्हणजे चुऱ्यात मिसळलेला मैदा. लाटताना वापरलेला मैदा खिडकीत पडलेला असतो, कोरड्या ब्रशने तो झटकून मगच चुरा भरा. आणि गोळी अगदी पीठ होईपर्यंत कुटू नका. जाड पिशवीत घालून लाटण्याने ठोका, खडेमिठाएवढे तुकडे झाले की पुरे. बारीक पुडीत कणाकणांच्या मधे हवा जास्त अडकते, तिचेच बुडबुडे होतात, आणि ती हवेतलं पाणीही भराभर ओढते, म्हणून चुरा आधल्या दिवशी करून ठेवू नका.

तपकिरी होण्याचं कारण वेळ. तुम्ही बहुतेक चुरा पहिल्यापासून भरून भाजलंत. बिस्किटाला बारा मिनिटं लागतात आणि साखरेला चार पुरतात, बारा मिनिटं ठेवली की ती उकळते, बुडबुडे येतात आणि मग जळायला लागते. म्हणून दोन टप्प्यांत करा. आधी खिडकी रिकामी ठेवून ७-८ मिनिटं भाजा, बिस्किट वरून कोरडं दिसायला लागेल पण रंग नसेल. ट्रे बाहेर काढा, खिडक्यांमध्ये चुरा भरा, बिस्किटाच्या उंचीइतका, शिगोशीग नाही, आणि परत ४-५ मिनिटं. या चारपाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. आधी तुकड्यांचे टोकदार कोपरे गोल होतात, मग तुकडे एकमेकांना चिकटतात, मग मधे एक छोटं तळं होतं आणि ते हळूहळू कोपऱ्यांत सरकतं. कोपरे भरले की ट्रे बाहेर. एखादा बुडबुडा राहिला किंवा एखादा कोपरा रिकामा राहिला तर लगेच, पाक पातळ आहे तोवर, टूथपिकने फोडा किंवा ओढून घ्या, अर्ध्या मिनिटानंतर जमत नाही, टूथपिकबरोबर तार येते.

दोन रंग एका खिडकीत घालायचे असतील तर शेजारशेजारचे घ्या, पिवळा आणि लाल, किंवा निळा आणि हिरवा. लाल आणि हिरवा मिसळला की मातकट होतो.

प्रश्न : रिबिनीचं भोक भाजताना बुजलं. नंतर सुईने पाडायला गेले तर बिस्किटच तुटलं.

उत्तर : गार झाल्यावर भोक पाडता येत नाही, ते विसरा. कच्चं असताना स्ट्रॉने पाडा, कडेपासून एक सेंटिमीटर आत, त्याहून कडेला गेलात तर वजनाने तुटतं. चुरा भरायला ट्रे बाहेर काढाल तेव्हा एकदा बघून घ्या, बुजत आलं असेल तर त्याच स्ट्रॉने परत मोकळं करा, आणि शेवटी ओव्हनमधून काढल्या काढल्या पुन्हा एकदा, बिस्किट गरम असताना मऊ असतं. मग ट्रेवरच राहू द्या, उचलायची घाई नको, काच अजून पातळ असते आणि उचललं की मधे झोळ पडतो. दहापंधरा मिनिटांनी काच कडक झाली की बिस्किट उलटं करून कागद सोला, कागदावरून बिस्किट ओढू नका.

गार होताना काचेला तडा गेला असं दोघीतिघींनी लिहिलंय. गरम ट्रे गार फरशीवर किंवा पंख्याखाली ठेवला की असं होतं, काच झटकन आक्रसते आणि बिस्किट तिच्या वेगाने आक्रसत नाही. ओट्यावर लाकडी पाटावर ट्रे ठेवा आणि सावकाश गार होऊ द्या.

टांगताना फांदीच्या टोकाला नको, टोक वाकतं आणि बिस्किट घसरतं. जरा आतल्या बाजूला, जिथे फांदी जाड आहे तिथे बांधा.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही.

उत्तर : अंड्याऐवजी दोन मोठे चमचे थंड दूध. थोडं जास्त खुसखुशीत होतं म्हणून पाच मिलिमीटर जाड ठेवा. बाकी काही बदलायचं नाही.

प्रश्न : मुलाला साखर कमी द्यायचीय म्हणून शुगरफ्री गोळ्यांची काच केली तर चालेल का? घरात कुत्रा आहे, तो झाडाखालचं काहीबाही खातो, त्याचंही सांगा.

उत्तर : बरं झालं कुत्र्याचं विचारलंत, कारण हे सगळ्यांनी वाचायला हवंय. शुगरफ्री गोळ्यांमध्ये काय घातलंय ते पाकिटावर नीट वाचा. झायलिटॉल लिहिलेलं असेल तर ती गोळी कुत्रा असलेल्या घरात झाडावर लावू नका. माणसाला ते चालतं पण कुत्र्याच्या अंगात त्याने इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, यकृतालाही इजा होऊ शकते आणि थोड्याशा गोळ्यांनीही जिवावर बेतू शकतं. खाल्लं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता ताबडतोब पशुवैद्याला फोन करा. साध्या साखरेची बिस्किटंसुद्धा कुत्र्याच्या तोंडाला येतील अशा उंचीवर टांगू नका, रिबीनही गिळतात ते.

मुलासाठी विचाराल तर आयसोमाल्टच्या शुगरफ्री गोळ्या मिळतात, त्या छान वितळतात. पण पोटाचं वर लिहिलंय ते इथेही लागू. मी असते तर साध्या गोळ्यांचीच केली असती आणि खिडकी लहान ठेवली असती.

प्रश्न : पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत, त्यांना यात काय करू देऊ?

उत्तर : खूप काही. गोळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या करणं, पिशवीत घालून ठोकणं, आकार कापणं, रिबिनी कापून ठेवणं. चुरा भरणं मात्र अर्धवट भाजलेल्या गरम ट्रेवर असतं, म्हणून आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही शेजारी उभं राहून लांब दांड्याच्या चमच्याने भरू द्या, पाचवाल्याला नको. ओव्हन आणि वितळलेला पाक फक्त मोठ्यांचा. दिसायला तो शांत आणि सुंदर दिसतो, मुलांना बोट लावावंसं वाटतंच, पण तो १५० अंशांच्या आसपास असतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो कारण कातडीला चिकटून बसतो. लागलाच तर साध्या गार नळाखाली २० मिनिटं हात धरा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, चिकटलेला पाक ओढून काढू नका, आणि फोड आला किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरला दाखवा.

आणि पाच वर्षांच्या मुलाला खायला देताना काच लहान तुकडे करून द्या, मोठा तुकडा घशात अडकू शकतो.

प्रश्न : सासूबाई म्हणतात झाडाला खायच्या वस्तू टांगणं हे हल्लीचं फॅड आहे, झाडाला काचेचे गोळेच शोभतात. खरं काय?

उत्तर : सासूबाईंना सांगा, खाऊ आधीचा आणि काचेचे गोळे नंतरचे. स्ट्रासबर्गमधलं १६०५ सालचं एक वर्णन आहे, लोक घरात झाड उभं करून त्याला रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचा खाऊ टांगतात असं त्यात म्हटलंय. काचेचे गोळे जर्मनीतल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी पुढे एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये १८४८ साली इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या झाडाचं चित्र छापून आलं आणि ती पद्धत घरोघरी पोचली, त्या झाडाच्या वर्णनातसुद्धा सोनेरी मुलाम्याची जिंजरब्रेड रंगीत रिबिनींनी फांद्यांना टांगलेली आहेत. आपल्या बिस्किटात खाऊही आला आणि काचही, तेव्हा त्यांचंही मन राखलं जातं.

प्रश्न : मागे कुठले दिवे लावू म्हणजे काच उठून दिसेल? आणि टांगल्यावर किती दिवस खाता येतील?

उत्तर : छोटे एलईडी, गरम पांढऱ्या उजेडाचे, बिस्किटाच्या मागे पण न टेकता, चार बोटं अंतर ठेवून. जुन्या पद्धतीचे तापणारे बल्ब नकोत, साखरेची काच वितळण्याच्या खूप आधी मऊ पडते आणि बल्बाला टेकलेल्या जागी खळगा होतो. मेणबत्ती तर झाडाच्या जवळपासही नको. रंगीत दिवेही नको म्हणते मी, हिरव्या दिव्यासमोर लाल काच काळपट दिसते. घरातला मोठा दिवा बंद करून बघा एकदा, समोरच्या भिंतीवर रंगाचे पुसट डाग पडतात ते बघायला मुलांना बोलवा.

खाण्याचं म्हणाल तर उघडी टांगलेली त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा, नंतर बिस्किट मऊ पडतं, धूळ बसते आणि मुंग्यांना पत्ता लागतो. पिशवीत बांधलेली आठवडाभर छान राहतात. मी निम्मी टांगते आणि निम्मी डब्यात ठेवते, झाडावरची एक खाल्ली की तिच्या जागी डब्यातली एक लावायची, म्हणजे झाड सणभर भरलेलं राहतं आणि प्रत्येकाला कुरकुरीत बिस्किट मिळतं.